थोरलीची गुंडाळणी

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला आणि त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं, ही आनंदाची बातमी ऐकून अनुस्वारांच्या पोटात गोळा आला.

‘अनुस्वार’ हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ज्या छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत, तिथल्या लोकांनी ते ठेवलं होतं. एक तर ते ठेंगणे आणि गोल होते, आणि दुसरं म्हणजे सदैव कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर बसलेले असत. शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल. ती फक्त छापखान्यातच बाहेर येई असं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, दुकानाची पाटी, शाळेची नोटीस, काहीही समोर आलं की हात आपोआप खिशाकडे जाई. लग्न ठरल्यावर बायकोने लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. तिने तरीही लग्न केलं, यावरून तिच्या सहनशक्तीचा अंदाज यावा.

आता पोटातल्या गोळ्याविषयी. सासऱ्यांची एक जुनी गाडी होती. गोल बॉनेट, फुगीर मडगार्ड, पुढचे दोन दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे. पहिली मुलगी होण्याआधी दोन वर्षं घरात आलेली, म्हणून सासरे तिला ‘थोरली’ म्हणत. परिणामी अनुस्वारांच्या बायकोला माहेरी ‘मधली’ म्हणत, घरात दोनच मुली असूनही. फोनवर सासरे आधी थोरलीची चौकशी करत, मग वेळ उरला तर मधलीची. म्हणजे नात्याने ती गाडी अनुस्वारांची मोठी मेहुणी लागत होती, आणि खरं सांगायचं तर ते तिच्याशी त्याच अदबीने वागत. सकाळी सुरू होईना तर “अहो, चला ना आता” असं म्हणत.

सासऱ्यांची नजर मंदावली तेव्हा थोरली कुणाकडे जाणार, हा प्रश्न आला. धाकटीचा नवरा, म्हणजे अनुस्वारांचा साडू, केव्हापासून टपून होता. त्याच्याकडे छपराची शेड होती आणि शेडला शटर होतं. पण सासऱ्यांनी किल्ली अनुस्वारांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “जावईबापू, तुम्ही चूक सोडत नाही, म्हणून तुम्हाला देतोय.” वीस वर्षांच्या जावईपणात सासऱ्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव कौतुक. अनुस्वारांनी ते मनात जपून ठेवलं होतं. किल्ली मात्र एकच मिळाली होती. दुसरी सासऱ्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली, आणि ती का ठेवली हे विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

त्यानंतरच्या सहा वर्षांत थोरलीच्या अंगावरचा पांढरा रंग जागोजागी उडाला, कुठे पिवळा पडला, कुठे राखाडी. सासरे यायचे, हाताने चाचपायचे, “छान ठेवलीत” म्हणायचे आणि जायचे. आता फोन आला. “मला सगळं स्पष्ट दिसतंय,” सासरे म्हणाले. “काल धाकटीकडे गेलो होतो. तिच्या हॉलची भिंत वाकडी आहे. इतकी वर्षं कुणी बोललं नाही. आता पुढच्या रविवारी थोरलीला बघायला येतो. तुमचे साडू सोडायला येतील. नीट ठेवली नसेल तर त्यांच्याकडेच नेऊ, त्यांची शेड रिकामीच आहे.”

म्हणजे दहा दिवस.

पेंटरला बोलावलं. त्याने दारावर नखाने टक् टक् केलं, एक पापुद्रा उडवला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं. “वरचा थर सुटलाय. सगळा खरवडावा लागेल. मग पुट्टी, मग घासणं, मग रंग. दीड महिना.”

“दहा दिवसांत?”

“दहा दिवसांत मी फक्त येऊ शकतो,” पेंटर म्हणाला आणि गेला.

मग छापखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की हल्ली गाड्या रंगवत नाहीत, रॅप करतात. विनाइलची चिकट फिल्म येते, ती अंगावर चढवायची, की गाडी नवी. नको झाली की सोलून टाकायची. अनुस्वारांना कल्पना पसंत पडली. शब्द पसंत पडला नाही. “रॅप काय रॅप? आपल्या भाषेत धडधाकट शब्द आहे. गुंडाळणे. आपण गाडी गुंडाळणार आहोत.” आणि त्यांनी त्या क्षणापासून सगळीकडे तोच शब्द वापरायचा असं ठरवलं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, एवढं लक्षात ठेवावं.

फिल्मचे रोल गावात एकाच माणसाकडे मिळत, आणि तो पाटीवाला होता. त्याच्या दुकानावर पूर्वी ‘सूबक पाट्या’ असं लिहिलेलं होतं. एके रविवारी अनुस्वारांनी स्टूल नेऊन तो दीर्घ ऊकार खडूने खोडला आणि ऱ्हस्व काढला होता. खाली सहीसुद्धा केली होती. पाटीवाला ते विसरला नव्हता.

“फिल्म देतो,” तो म्हणाला. “पण चढवायला मी येणार नाही. तुम्ही माझी पाटी सुधारलीत, आता गाडीही तुम्हीच सुधारा. रंग कोणता?”

“दुधी,” अनुस्वार म्हणाले. कारण सासरे थोरलीचा रंग नेहमी ‘दुधी’ असाच सांगत.

पाटीवाल्याने दोन रोल समोर ठेवले. एक दुधासारखा पांढरा, दुसरा दुधी भोपळ्यासारखा फिका हिरवा. “यातला कुठला दुधी?”

मधली बरोबर होती. ती पटकन म्हणाली, “हा हिरवा. बाबा भाजीतला दुधी म्हणतात. लहानपणी मी हिच्यातूनच शाळेत जायचे, मला आठवतंय, हिरवी होती.”

अनुस्वार हसले. हे त्यांचं हसणं घरात फार कुणाला आवडत नसे. “अगं, दुधी काच म्हणतो तेव्हा काय हिरवी काच असते? दुधासारखा तो दुधी. आणि गाडी आपल्याकडे आली तेव्हा पांढरीच होती ना? त्याआधी तुझ्या बाबांनी ती खोळ काढून जावयांना कधी दाखवलीच नाही. बालपणीच्या आठवणींना व्याकरण नसतं.”

वीस वर्षांत मधली बरंच काही न बोलायला शिकली होती. पांढरा रोल घरी आला.

रोलबरोबर सूचनांचं एक पत्रक होतं, कुठूनतरी भाषांतर केलेलं. त्यातली पहिलीच ओळ होती, ‘पृश्ठभाग स्वच्च करणे गरजेची आहे.’ अनुस्वार खुर्चीत बसले, पेन्सिल काढली, आणि दोन दिवस उठले नाहीत. एकेचाळीस चुका निघाल्या. हा मजकूर असाच लोकांच्या हाती पडतो या विचाराने ते इतके अस्वस्थ झाले, की दुरुस्त केलेलं पत्रक एका सविस्तर पत्रासह त्यांनी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवून दिलं.

“आणि आता फिल्म कशी लावायची ते कुठे वाचणार?” मधलीने विचारलं.

अनुस्वारांनी पोस्टाची पावती उलटसुलट करून बघितली. पत्रकात वाक्यं कशी होती ते त्यांना तोंडपाठ होतं. वाक्यांत काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. चुका शोधताना अर्थाकडे बघायचं नसतं, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिकवण.

तेवढ्यात शेजारचे काका आले. हे काका सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही त्यांचा दिवस आवक-जावक भाषेतच चाले. म्हणून सगळे त्यांना अर्जवाले काका म्हणत. “गाडीचं बाह्यरूप बदलताय?” ते दचकून म्हणाले. “परवानगी आहे? उद्या कुणी विचारलं तर? अर्ज करा. अर्ज केलेला माणूस निम्मा सुटलेला असतो.”

दुसऱ्या दिवशी अनुस्वार वाहन कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक नऊवर एक मध्यमवयीन क्लार्कबाई होत्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कापडी फलक होता.

“काय काम आहे?”

“गाडी गुंडाळायची आहे.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “गुंडाळायची? नक्की ठरलंय?”

“नक्की.”

“पूर्ण गुंडाळायची?”

“पूर्ण. अर्धवट काम मला आवडत नाही.”

“किती वर्षांची आहे?”

“सत्तेचाळीस.”

“मग वेळ झालीच होती म्हणायची.”

“झालीच होती हो. हल्ली लोक बघून नाकं मुरडतात.”

“घरच्यांची हरकत नाही ना? पुष्कळदा मागाहून रडारड होते.”

“गाडी सासऱ्यांची आहे खरं तर. पण त्यांना आधी काही सांगितलेलं नाही. रविवारी येतील तेव्हा एकदम दाखवणार.”

बाईंचा चेहरा उतरला. “असं एकदम नका दाखवू. वय काय त्यांचं?”

“ब्याऐंशी.”

“आधी बसवा, पाणी द्या, मग सांगा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात ‘वाहनाचे काय करावयाचे आहे’ या रकान्यात अनुस्वारांनी वळणदार अक्षरात ‘गुंडाळणे’ असं लिहिलं. बाई म्हणाल्या, “आमची माणसं येतील रविवारी.”

“रविवारीसुद्धा?”

“सध्या पंधरवडा चालू आहे ना.”

कसला पंधरवडा, हे अनुस्वारांनी विचारलं नाही. मागच्या फलकावर ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘जुनी वाहने निकाली काढा पंधरवाडा’. अनुस्वारांनी तो फलक नीट वाचलाही होता. पण त्यांना त्यात फक्त ‘वा’चा जास्तीचा काना दिसला. तो त्यांनी बाईंच्या निदर्शनास आणून दिला, नमस्कार केला, आणि सरकारी माणसं आपलं काम बघायला खास रविवारी येणार या आनंदात घरी आले.

शनिवारी सकाळी गुंडाळणीला सुरुवात झाली. इमारतीच्या आवारात थोरलीला धुऊन पुसून उभी केली. मदतीला अर्जवाले काका होते, मधली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. त्या हाडांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट गुंडाळायची म्हटलं की त्यांना उत्साह येई. त्यांनी येताना केस वाळवायचं यंत्र आणि तीन तऱ्हेच्या कात्र्या आणल्या होत्या. “हिला लागलंय कुठे?” त्यांनी विचारलं आणि थेट पुढच्या बंपरकडे गेल्या.

बॉनेटवरची फिल्म चौघांनी चार कोपरे धरून ताणली. मागचा कागद काढताच वारा आला. फिल्म शिडासारखी फुगली, अर्जवाल्या काकांच्या टकलावरून फिरली आणि तिथेच बसली. विशेष म्हणजे तिथे ती अतिशय सुबक बसली. एक सुरकुती नाही, एक फुगा नाही. “हलू नका काका,” अनुस्वार म्हणाले, “असंच बॉनेटवर यायला हवं.” नर्सबाईंनी गरम हवा मारून ती सोडवली. काकांच्या टकलावरचे होते नव्हते तेवढे चार केस तिच्याबरोबर आले, आणि ते अखेरपर्यंत बॉनेटच्या मध्यभागी राहिले.

मग फुगे आले. नर्सबाई फुगे फोडू देईनात. “फोड आपोआप बसतो. फोडला की चिघळतो.” अर्जवाल्या काकांनी पेन्सिलने प्रत्येक फुग्याला आवक क्रमांक दिला आणि वहीत नोंद केली. दुपारी एकपर्यंत आवक दोनशे सतरा झाली. जावक शून्य. एका फुग्यात एक माशी होती. तिला काकांनी क्रमांक दिला नाही, तो विषय आपल्या अधिकारात येत नाही म्हणाले.

दुपारी पाटीवाला सहज म्हणून येऊन कठड्यावर बसला. दाणे खात बघत राहिला. “कसं चाललंय?” त्याने विचारलं.

“उत्तम,” अनुस्वार म्हणाले. त्यांचा डावा हात तेव्हा मडगार्डला चिकटलेला होता.

खरा प्रसंग तीन वाजता घडला. मागच्या दाराची फिल्म खिडकीच्या रबराखाली खोचायची होती. ते आतूनच जमलं असतं, म्हणून अनुस्वार आत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. बाहेर नर्सबाई रंगात आल्या होत्या. त्यांनी दारं, दारांच्या फटी, मुठी आणि शेवटी खिडक्यासुद्धा, एकदाही न थांबता, पायाला प्लास्टर घालावं तशा गुंडाळून टाकल्या. काचा क्षणात दुधी झाल्या. आत दुधी उजेड, बाहेर नर्सबाईंचा समाधानाचा सुस्कारा.

अनुस्वारांनी दार ढकललं. उघडेना. त्यांनी हाका मारल्या. पण बाहेर केस वाळवायचं यंत्र चालू होतं आणि जुन्या गाड्यांचा पत्रा चांगला जाड असतो. हॉर्न वाजवावा तर थोरलीचा हॉर्न सहा वर्षांपूर्वीच मुका झाला होता. मग त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि मागच्या काचेवर, म्हणजे आतून, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी आत आहे. कृपया दार उघडावे.’ फिल्ममधून ती लाल अक्षरं बाहेर पुसट दिसली. फक्त उलटी दिसली.

“हे काय आलंय?” मधली म्हणाली.

“कंपनीचं नाव असेल,” अर्जवाले काका म्हणाले. “परदेशी दिसतंय.”

“ह्यांना विचारू या. हे कुठे गेले?”

“चहा प्यायला गेले असतील. कंटाळले होते बिचारे.”

आत अनुस्वारांना वाटलं, आपल्या लिहिण्यात काहीतरी चुकलं असणार. त्यांनी वाक्य तपासलं. पूर्णविराम होते. वेलांट्या बरोबर होत्या. मजकूर निर्दोष असूनही वाचकाला कळत नाही, हा अनुभव त्यांना नवीन होता आणि त्यांच्या मनाला तो फार लागला. वीस मिनिटं ते तसेच बसून राहिले. अखेर कठड्यावरचा पाटीवाला उठला. पाट्या काचेच्या मागून उलट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने ती ओळ उजवीकडून डावीकडे मोठ्यांदा वाचली, दाण्याचं टरफल फुंकलं आणि म्हणाला, “वहिनी, तुमचे साहेब आत आहेत. अक्षर छान आहे.”

कात्रीने दार मोकळं केलं. अनुस्वार बाहेर आले ते कुणाकडेही न बघता सरळ घरात गेले.

रविवारी सकाळी सातला त्यांनी खिडकीतून थोरलीकडे बघितलं. उन्हात फिल्म ढिली पडली होती. दोनशे सतरा फुगे आपापल्या क्रमांकांसह चमकत होते. थोरली धुतलेल्या पण न पिळलेल्या कपड्यासारखी दिसत होती. अनुस्वार खुर्चीत मटकन बसले. “नेणार तो साडू,” ते म्हणाले. “शटर लावून ठेवणार शेडमध्ये. आणि तुझे बाबा पुन्हा माझ्याकडे कधी... अगं, त्यांनी मला आयुष्यात एकदा चांगलं म्हटलं होतं. एकदाच.”

मधलीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. “अकराला येणार आहेत. अजून चार तास आहेत. सोलून टाकू. पांढरी तर पांढरी, होती तशी बघू देत.”

दोघांनी फिल्म ओढायला सुरुवात केली. बॉनेटची फिल्म करकर आवाज करत सुटली आणि तिच्याबरोबर थोरलीचा पांढरा रंगही सुटला. फिल्मच्या मागे कापडासारखा चिकटून आला, सगळाच्या सगळा. पेंटर म्हणाला होता तो सुटलेला थर. त्याच्याखाली, स्वच्छ, कोवळा, कुठेकुठे ठिपके राहिलेला, पण एकसारखा रंग होता. फिका हिरवा.

अनुस्वार बघत राहिले. मधलीसुद्धा बघत राहिली. नवऱ्याला काही बोलायला इतकी चांगली संधी तिला लग्नानंतर मिळाली नव्हती, आणि ती नुसती म्हणाली, “ओढा. दुसरी बाजू ओढा.”

उजवी बाजू पूर्ण झाली, डावी अर्धी झाली, आणि साडूची गाडी फाटकातून आत आली. साडेदहालाच. साडू उतरला तो हातात ओढायचा दोर घेऊनच. मागून सासरे उतरले. नवा काळा चष्मा, हातात काठी. आणि त्यांच्या मागोमाग फाटकातून एक रिकामा ट्रक आत शिरला. त्यातून खाकी सदऱ्यातला एक मुकादम आणि दोन दांडगे गडी उतरले.

“गाडी गुंडाळणारे आपणच का?” मुकादमाने विचारलं.

“मीच,” अनुस्वार कसनुसं हसत म्हणाले. “पण जरा उशिरा आला असतात तर बरं झालं असतं. बघण्यासारखं काही राहिलं नाही.”

“बघायचं काय त्यात? उचलायची आणि न्यायची. तिकडे यंत्रात दाबून एवढा ठोकळा करतात.” मुकादमाने हातांनी साधारण बिस्किटाच्या डब्याचा आकार दाखवला. “तुम्हीच अर्ज केलाय ना, गाडी गुंडाळा म्हणून? मोडीत काढा म्हणून?”

अनुस्वारांच्या डोळ्यांपुढे खिडकी क्रमांक नऊ आली, तो चष्मा, ती चौकशी, ‘आधी बसवा, पाणी द्या’. आणि मागचा फलक. काना सोडून उरलेला फलक त्यांनी आता पहिल्यांदा वाचला.

“गुंडाळणे म्हणजे...” ते म्हणाले, “म्हणजे अंगावर काहीतरी... आवरण...”

“आमच्याकडे गुंडाळणे म्हणजे गुंडाळणे,” मुकादम म्हणाला. “दुकान गुंडाळतात, धंदा गुंडाळतात. चला रे, लावा साखळी.”

“थांबा!” सासरे ओरडले. मुकादम थांबला. सासरे काठी टेकत थोरलीच्या उजव्या बाजूला गेले. चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी, अगदी जवळून, बॉनेटपासून डिकीपर्यंत बघत गेले. मग हात ठेवला. “दुधी,” ते म्हणाले. “हीच. हीच ती. माझी नजर मंदावली तेव्हा मी हिला एकदा फाटकावर आदळली होती, त्यानंतर त्या गॅरेजवाल्याने हिला पांढरी फासली असणार, आणि मला कुणी सांगितलंही नाही. मी इतकी वर्षं हाताने बघत होतो.” ते वळले. “हा पांढरा कुणी काढला?”

“ह्यांनी,” मधली म्हणाली.

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, आणि अनुस्वारांनी आयुष्यात पहिल्यांदा एका अर्धवट वाक्याला हरकत घेतली नाही.

“ते सगळं ठीक आहे,” मुकादम म्हणाला, “पण आमच्याकडे आदेश आहे. सही आहे, शिक्का आहे. कागद निघाला म्हणजे निघाला. हे बघा.” त्याने कागद अनुस्वारांच्या हातात दिला.

अनुस्वारांचे डोळे सवयीने ओळीवरून चालू लागले. ‘अर्जदाराच्या ताब्यातील जुनी गादी कायमची गुंडाळण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सदर गादी पथकाने तत्काळ ताब्यात घ्यावी.’

गादी.

गाडीतला ड गेला होता आणि तिथे द बसला होता. कार्यालयातल्या टायपिस्टने बहुधा जन्मात कुणी गाडी गुंडाळल्याचं ऐकलं नव्हतं. गादी मात्र तो स्वतः रोज सकाळी गुंडाळत असणार. त्याने आपल्या परीने अर्जातली चूक सुधारली होती. एका अर्थाने तो अनुस्वारांचाच भाऊबंद म्हणायचा.

हात खिशाकडे गेला. लाल पेन्सिल बाहेर आली. सव्वीस वर्षांची सवय ती. पेन्सिलचं टोक त्या ‘द’वर येऊन थांबलं. एवढीशी रेघ, एवढासा बाक, की कागद निर्दोष झाला असता. सासरे बघत होते. साडू बघत होता. मधली तर श्वास रोखून बघत होती, कारण तिच्या नवऱ्याने चूक दिसूनही हात मागे घेतल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

अनुस्वारांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. ठेवताना दोनदा चुकून खिशाच्या बाहेर गेली.

“मुकादम,” ते म्हणाले, “तुम्ही कागदावर लिहिलंय तेच नेता ना?”

“अक्षरशः. आम्ही कागदाबाहेर जात नाही.”

“मग वाचा.”

मुकादमाने वाचलं. पुन्हा वाचलं. गड्यांना दाखवलं. कागद उन्हात धरून बघितला. “गादीच आहे,” तो शेवटी म्हणाला. “मी आपला गाडी गाडी वाचत होतो. कुठे आहे गादी?”

गादी घरात पलंगावर होती. मधलीला ती बारा वर्षांपासून टाकून द्यायची होती, आणि दर वेळी अनुस्वार तिच्यात मध्यभागी पडलेल्या आपल्या आकाराच्या खड्ड्याचं कारण सांगून ती वाचवत. आता मधली धावत आत गेली. दोघे गडी तिच्या मागे गेले. गादी गुंडाळून बाहेर आली, साखळीने बांधली गेली आणि चार टनी ट्रकवर एकटीच आडवी झाली. अर्जवाले काका जिन्यातून उतरून शिस्तीत उभे होते. अर्जाचा एवढा तडकाफडकी निकाल त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

मुकादमाने पावतीपुस्तक काढलं. “चाकं?”

“नाहीत.”

“इंजिन नंबर?”

“नाही.”

“चालू स्थितीत आहे?”

“काल रात्रीपर्यंत होती,” अनुस्वार म्हणाले.

“रंग?”

गादीचा अभ्रा जुना, पांढुरका. अनुस्वार, मधली आणि सासरे तिघेही एकदम म्हणाले, “दुधी.”

पावती फाडून हातात आली आणि ट्रक फाटकाकडे निघाला. साडू आपला दोर गोल गोल गुंडाळत होता.

सासरे अनुस्वारांजवळ आले. “जावईबापू, त्या कागदात चूक होती ना?”

“होती, बाबा.”

“दिसली होती?”

“पहिल्या ओळीतच.”

“आणि सोडलीत.”

अनुस्वारांनी मान खाली घातली. “सोडली.”

सासऱ्यांनी खिशात हात घातला. दुसरी किल्ली सहा वर्षं खिशात राहून गुळगुळीत झाली होती. त्यांनी ती अनुस्वारांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवून दिली. “आता ठेवा तुमच्याकडेच,” ते म्हणाले आणि थोरलीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. “चला, एक चक्कर मारू.”

अनुस्वारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी हातातली पावती वाचायला घेतली. ‘एक गादी, जुनी, दूधी रंगाची, मिळाली.’ त्यांनी हळूच मधलीकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्याची खात्री केली, आणि लाल पेन्सिल काढली.